हिरड्यांची शस्त्रक्रिया करून हलणारे दात वाचतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८ वर्षे, गेली ६ वर्षे मधुमेह, ब्रश करताना रक्त येण्याची तक्रार बरीच जुनी, आणि आता खालचे पुढचे दात व उजवीकडची वरची एक दाढ हलू लागली आहे. एका दंतवैद्यांनी दोन बैठकांत दातांची सफाई करून दिली, दोन महिन्यांनी पुन्हा मोजमाप घेतले आणि सांगितले की काही ठिकाणी अजून ६ ते ७ मि.मी. खोल पॉकेट आहेत, तेव्हा फ्लॅप शस्त्रक्रिया करावी लागेल. दुसरीकडे विचारले तेव्हा सल्ला मिळाला की हे दात आज ना उद्या जाणारच, ते काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले कृत्रिम दात, बसवा. शस्त्रक्रियेने दात खरोखर वाचतात का, त्रास किती होतो, आणि काही वर्षांनी पुन्हा तेच होणार असेल तर दात आत्ताच काढलेले बरे नव्हेत का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

गेली २५ वर्षे मी हिरड्यांच्या उपचारांचेच काम करतो आहे. आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की पहिल्या डॉक्टरांनी दाखवलेला मार्ग योग्य आहे आणि दात काढण्याची घाई करू नये. मात्र शस्त्रक्रिया हा या आजारावरचा रामबाण उपाय नाही. शस्त्रक्रियेने आजार बरा होत नाही. ज्या जागी हात, ब्रश आणि हत्यार पोहोचत नव्हते, ती जागा पोहोचण्याजोगी होते. तिचे यश शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत आणि नंतरच्या अनेक वर्षांत ठरते, शस्त्रक्रियेच्या त्या दीड तासात फारच थोडे ठरते. हे एकदा लक्षात आले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे शोधणे सोपे जाते.

आधी हे पॉकेट म्हणजे काय ते पाहू. निरोगी हिरडी दाताला गळपट्ट्यासारखी बिलगून असते आणि तिच्या व दाताच्या मध्ये १ ते ३ मि.मी.ची उथळ फट असते. त्या फटीच्या काठावर रोज जंतूंचा चिकट थर साचतो, त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो निघाला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसून त्याचे दगडासारखे कीटण होते आणि त्या खरखरीत कीटणावर नवा प्लाक आणखी सहज चिकटतो. डेन्मार्कमधील आरहूस येथे हारॉल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे आजार हिरडीपुरता असतो तोवर तो पूर्णपणे परतवता येतो. पण सूज वर्षानुवर्षे राहिली तर काही लोकांमध्ये ती खोल उतरते, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, हाड विरघळते आणि फटीची खोली ४, ६, कधी १० मि.मी.पर्यंत जाते. यालाच आपल्याकडे पायोरिया म्हणतात. विरघळलेले हाड आणि तुटलेले तंतू आपोआप परत येत नाहीत.

‘काही लोकांमध्ये’ असे मी मुद्दाम म्हटले. याच लो यांनी १९७० पासून श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० कामगारांची १५ वर्षे पाहणी केली. हे लोक दात घासत नव्हते आणि त्यांना दंतवैद्यकीय उपचारही मिळत नव्हते. तरीही ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही, ८१ टक्के लोकांचा मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्के लोकांचा फार वेगाने वाढला. आपल्या घरात कोणी आयुष्यभर नुसती राखुंडी लावून म्हातारपणी ऊस सोलून खाल्ला असेल, तर त्याचे कारण त्या राखुंडीत नसून शरीराच्या प्रतिकाराच्या पद्धतीत असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अशा उदाहरणावरून स्वतःचे उपचार ठरवू नयेत. आपले हाड आधीच झिजले आहे, त्यावरून आपण त्या सुदैवी गटात नाही हे उघड आहे.

आता शस्त्रक्रिया कधी करायची याविषयी. पहिली पायरी नेहमी शस्त्रक्रियेविना असते: घासण्याची पद्धत सुधारणे, कीटण काढणे, आणि भूल देऊन हिरडीखालची मुळे साफ करणे. त्यानंतर हिरडीला वेळ देऊन, सहा आठवड्यांनी ते तीन महिन्यांनी, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजपट्टीसारख्या बारीक सळईने पुन्हा खोली मोजतात. या फेरतपासणीशिवाय कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर मी ती घेणार नाही, कारण सुजलेल्या हिरडीची सूज उतरली की अनेक पॉकेट नुसत्या सफाईने ४ मि.मी.च्या आत येतात. ४ ते ५ मि.मी. उरली आणि तिथून रक्त येत असेल तर आधी पुन्हा एकदा आतली सफाई करतात. ६ मि.मी. किंवा त्याहून अधिक खोली उरली तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, स्वीडनच्या यान लिंडे यांच्या गटाने हीच सीमारेषा मोजून काढली होती: साधारण ५.४ मि.मी.च्या पुढे शस्त्रक्रियेचा लाभ नुसत्या सफाईहून अधिक होतो आणि त्याहून उथळ जागी तो होत नाही. फार उथळ जागी, म्हणजे ३ मि.मी.च्या आसपास, शस्त्रक्रिया केली तर उलट हिरडीची पकडच थोडी कमी होते. त्यामुळे ‘एकदाच सगळ्या तोंडाची करून टाकू’ हा विचार बरोबर नाही. शस्त्रक्रिया त्या त्या जागेपुरतीच करतात.

खोल जागी सफाई का पुरत नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटणे अवघड असते. खालच्या पहिल्या दाढेला दोन आणि वरच्या दाढेला तीन मुळे असतात. हाड झिजत झिजत मुळे जिथे विभागतात त्या बेचक्यापर्यंत गेले, की तिथे एक लहानसे भुयार तयार होते. निम्म्याहून अधिक पहिल्या दाढांमध्ये त्या भुयाराचे तोंड ०.७५ मि.मी. किंवा त्याहून अरुंद असते, आणि आमच्या सफाईच्या हत्याराचे पाते त्याहून रुंद असते. काही महिन्यांपूर्वी मी अशीच एक दाढ उघडली होती. तिची आतली सफाई मीच दोनदा केली होती, आणि हिरडी बाहेरून गुलाबी व घट्ट दिसत होती. हिरडी बाजूला करताच मुळाच्या खोबणीत, बेचक्याच्या वरच्या बाजूला, तिळाएवढा काळाकुट्ट कीटणाचा ठिपका दिसला. मुळाला असा घट्ट बसला होता की हत्याराने खरवडताना बोटांना खडूवर नख घासल्यासारखे जाणवत होते, आणि तो निघाल्यावर मात्र तेच हत्यार काचेवरून घसरावे तसे मुळावरून सरकू लागले. अंदाजाने हात चालवून जे दोन बैठकांत निघाले नव्हते, ते डोळ्यांसमोर दिसल्यावर पाच मिनिटांत निघाले.

शस्त्रक्रियेची पद्धत जागेप्रमाणे बदलते. सर्वांत नेहमीची म्हणजे फ्लॅप शस्त्रक्रिया. तिचे मूळ स्वीडनच्या लिओनार्ड विडमन यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे आणि आज वापरात असलेले सुधारित रूप १९७४ चे आहे. तिच्यात हिरडीच्या काठाजवळ छेद घेऊन ती पाकिटाच्या झाकणासारखी उघडतात, आतली सुजलेली, रक्ताळलेली मऊ पेशी काढून टाकतात, मुळे डोळ्यांसमोर साफ करतात आणि हिरडी परत दाताला बिलगवून टाके घालतात. पुष्कळांची अशी समजूत असते की या शस्त्रक्रियेत हिरडी कापून टाकतात. फ्लॅपमध्ये हिरडी राखली जाते. काढतात ते आतले आजारी अस्तर. हिरडी खरोखर कापतात ती दुसऱ्या प्रकारात, जिथे हिरडी नको तितकी वाढलेली असते. आपण रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेत असाल तर ते तज्ज्ञांना अवश्य सांगा, कारण त्या औषधाने, तसेच फेनिटॉइन आणि सायक्लोस्पोरिन यांनी, हिरड्या वाढतात. अशा वेळी कधी फिजिशियनशी बोलून औषध बदलले की अर्धे काम होते.

तिसरा प्रकार आहे झिजलेले हाड काही प्रमाणात परत मिळवण्याचा, आणि याविषयी अपेक्षा नेमक्या असाव्यात. हाडाची झीज दोन प्रकारची असते. सगळीकडे सारखी पातळी खाली गेली असेल, म्हणजे तळ्यातले पाणी उतरावे तशी, तर तिथे हाड वाढवता येत नाही. पण एका दाताच्या एका बाजूला विहिरीसारखा खड्डा पडला असेल आणि त्याच्या भिंती शाबूत असतील, तर त्या खड्ड्यात हाडाची भुकटी, विशिष्ट पडदा किंवा वाढीस मदत करणारी प्रथिने वापरून नवे हाड आणि नवे तंतू काही प्रमाणात मिळवता येतात. साधारण ३ मि.मी. किंवा अधिक खोल खड्डा असेल तर हा मार्ग आधी विचारात घेतात. खालच्या दाढांच्या बेचक्यात अर्धवट आत गेलेल्या झिजेलाही तो लागू पडतो. बेचके आरपार गेले असेल तर मात्र फारसा उपयोग होत नाही. पडदा वापरण्याची कल्पना स्वीडनमध्येच रुजली आणि माणसावरचा पहिला यशस्वी प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरडीच्या पेशी वेगाने वाढून खड्ड्यात आधी शिरतात आणि हाडाला जागाच उरत नाही, म्हणून पडदा लावून त्यांना थोपवायचे, एवढा त्यामागचा साधा विचार आहे.

भुकटी कोठून येते, हे विचारायला संकोच करू नका. काही भुकट्या पूर्णपणे कृत्रिम असतात, काही दान केलेल्या मानवी हाडापासून बनवतात (आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतिपेढीत तयार होणारे हाड अनेक तज्ज्ञ वापरतात) आणि काही गाईच्या हाडापासून. काही प्रथिने डुकराच्या दंतपेशींपासून मिळवलेली असतात. माझ्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांना यातले काही चालत नाही. हे आधी सांगितले तर पर्याय असतात, टाके घातल्यावर कळले तर मनाला लागून राहते, म्हणून मी स्वतःच विषय काढतो. रुग्णाच्याच हातातून थोडे रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, त्यातली प्लेटलेट असलेली जाळी खड्ड्यात ठेवण्याची पीआरएफ नावाची पद्धतही गेल्या वीसेक वर्षांत रूढ झाली आहे. ती कमी खर्चाची आहे आणि जखम भरायला मदत करते.

‘लेझरने, टाके न घालता, वेदनाविरहित’ अशी जाहिरात आपण पाहिली असेल. लेझरचे काही उपयोग निश्चितच आहेत, विशेषतः वाढलेली मऊ हिरडी काढताना. पण खोल पॉकेटमध्ये त्याचा निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक चांगला आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही. केवळ लेझर आहे म्हणून जास्त पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या दिवसाविषयी, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. दाढ काढताना देतात तीच स्थानिक भूल देतात, आणि ती उतरेपर्यंत दुखत नाही; दाब आणि खरवडण्याचा आवाज मात्र जाणवतो. एका वेळी तोंडाचा चौथा भाग, म्हणजे साधारण सहा ते आठ दात, घेतात आणि त्याला एक ते दीड तास लागतो. उपाशी राहू नये. मधुमेह असलेल्या माणसाने तर सकाळची न्याहारी व नेहमीच्या गोळ्या घेऊनच यावे आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. अॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवूनच आम्ही काम करतो, कारण हिरडीतले रक्त दाबून थांबवता येते, पण हृदयाच्या नळीत झालेली गुठळी तशी हाताळता येत नाही. याबाबतचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच व्हावा.

पहिल्या दिवशी लाळेत गुलाबी छटा दिसते. बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा, चूळ जोराने भरू नये, स्ट्रॉने पिऊ नये, आणि थंड किंवा कोमट मऊ अन्न घ्यावे: ताक-भात, मऊ खिचडी, मुगाचे वरण. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरते. वेदना बहुतेकांना दोन-तीन दिवस साध्या वेदनाशामकाने आटोक्यात राहतात. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्या लागतात, म्हणून जुने रिपोर्ट सोबत आणावेत. कापलेल्या भागावर आठवडाभर ब्रश लावत नाहीत. त्याऐवजी क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के हे माउथवॉश दिवसातून दोनदा, १० मि.ली., मिनिटभर खळखळवायचे असते. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव काही दिवस बिघडते. दोन्ही तात्पुरते असते. टूथपेस्ट वापरल्यानंतर लगेच ते घेतले तर त्याचा परिणाम कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. टाके ७ ते १० दिवसांनी काढतात. ताप आला, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज वाढू लागली किंवा दाबूनही रक्त थांबले नाही, तर फोनवर विचारत न बसता दवाखाना गाठावा.

दोन गोष्टींची कल्पना शस्त्रक्रियेआधीच द्यायला हवी आणि ती पुष्कळदा दिली जात नाही. पहिली म्हणजे सूज गेल्यावर हिरडी मुळाकडे सरकते, दात लांब दिसू लागतात आणि पुढच्या दातांमध्ये काळपट त्रिकोणी फटी दिसतात. पॉकेट कमी होण्याचा हा एक भागच आहे. ज्यांना आरशात हे फार खुपणार आहे त्यांच्या पुढच्या वरच्या दातांसाठी आम्ही शक्य तितकी हिरडी राखणारी पद्धत निवडतो, पण फरक पडतोच. दुसरी म्हणजे उघडी पडलेली मुळे थंड पाण्याने काही आठवडे सणकतात. संवेदनशील दातांसाठीची पेस्ट आणि तज्ज्ञांनी लावलेले फ्लोराइड यांनी ते बहुधा ओसरते. दात शस्त्रक्रियेनंतर थोडे अधिक हलतात, हेही घाबरवणारे असते. काही आठवड्यांत ते पुन्हा घट्ट होऊ लागतात. सफाई केल्याने दात सैल होतात, या समजुतीचे मूळही इथेच आहे. कीटणाने सगळे दात एकमेकांना सिमेंट लावल्यासारखे बांधलेले असतात. ते निघाले की आधीपासूनच सैल असलेला दात त्याच्या खऱ्या अवस्थेत जाणवतो, एवढेच.

आपल्या मधुमेहाकडे येतो, कारण इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. साखर जास्त असेल तर हिरडीची सूज वाढते आणि जखम सावकाश भरते. उलट हिरडीची जुनी सूज साखरही आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांतली साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. एका गोळीच्या परिणामाशी तुलना व्हावी इतका तो फरक आहे. म्हणून आधी एचबीए१सी तपासा. ते ७ च्या आसपास असेल तर शस्त्रक्रियेला हरकत नाही; ९ किंवा १० असेल तर मी आधी आतली सफाई आणि घरची स्वच्छता यांवरच भर देईन, फिजिशियनना चिठ्ठी लिहीन आणि तीन महिने थांबेन.

तंबाखूबद्दल आपण काही लिहिलेले नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार आत वाढत असताना हिरडी बाहेरून फसवी निरोगी दिसते, आणि शस्त्रक्रियेचा लाभही निम्म्यावर येऊ शकतो. आपल्याकडे त्याच्या जोडीला मिश्री आहे. काही वर्षांपूर्वी साठीच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, खालच्या समोरच्या चार दातांची मुळे जवळजवळ उघडी. पिशवीतून पानाच्या डबीएवढी पत्र्याची डबी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, दातांसाठी मी रोज दोनदा ही लावते, तरी असं कसं झालं?” त्या डबीत भाजून कुटलेला तंबाखू होता आणि ज्या जागी त्या बोटाने चोळत होत्या, नेमकी तिथलीच हिरडी झिजली होती. त्यांना ते व्यसन वाटतच नव्हते, ते दात घासणे होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण घरात भाजलेली मिश्री कोणाच्या यादीत नाही. आपण किंवा घरातले कोणी ती वापरत असेल तर शस्त्रक्रियेआधी ती सुटणे आवश्यक आहे.

मग प्रश्न उरतो तो टिकण्याचा. १९७७ मध्ये स्वीडनच्या स्टुरे निमन आणि सहकाऱ्यांनी एक फार शिकवून जाणारा अभ्यास केला. त्यांनी उत्तम शस्त्रक्रिया केलेल्या काही रुग्णांना त्यानंतर काटेकोर स्वच्छतेच्या भेटी दिल्या नाहीत. दोन वर्षांत, शस्त्रक्रियेचा प्रकार कोणताही असो, त्यांची दातांभोवतीची पकड आधीपेक्षाही कमी झाली. त्याच गटाने ज्यांची वेळोवेळी सफाई केली त्यांचे दात मात्र वर्षानुवर्षे टिकले. म्हणून रोजच्या रोज दातांच्या फटींत इंटरडेंटल ब्रश फिरवणे आणि दर तीन महिन्यांनी तज्ज्ञांकडे जाऊन सफाई व मोजमाप करून घेणे हा शस्त्रक्रियेचाच भाग समजावा. उघड्या झालेल्या मोठ्या फटींत दोरा पुरत नाही. ब्रशचा आकार फटीत किंचित घट्ट जाईल असा असावा आणि तो तज्ज्ञांनी आपल्या तोंडात घालून निवडून द्यावा. दुकानातून अंदाजाने घेतलेला बहुधा लहान निघतो. रुग्णाने हे आधी दोन महिने करून दाखवले आणि हिरडीवरचे रक्त कमी झाले, तरच मी टाक्यांचे काम हाती घेतो.

इम्प्लांटविषयी. मी इम्प्लांटच्या विरोधात नाही. जिथे दात खरोखर गेला आहे तिथे तो चांगला पर्याय आहे. पण इम्प्लांटला दाताभोवतीचे तंतू नसतात, तो सरळ हाडात रुततो, आणि त्याच्याभोवतीही असाच आजार होतो, जो आवरणे दातापेक्षा अवघड असते. ज्यांचे दात पायोरियाने गेले त्यांच्यात तो धोका अधिक असतो, मधुमेह आटोक्यात नसेल तर आणखी. जो माणूस स्वतःचे दात साफ ठेवू शकत नाही, त्याचे इम्प्लांट साफ राहतील असे मानायला आधार नाही. आणि जो ठेवू शकतो, त्याचे बहुतेक दातही वाचतात. शिवाय काढलेला दात परत बसवता येत नाही, इम्प्लांट मात्र पाच वर्षांनीही करता येतो. दात काढलाच पाहिजे अशी वेळ येते ती तो वर-खाली दाबला जाऊ लागला, हाड मुळाच्या टोकापर्यंत गेले, किंवा वारंवार पू होऊन शेजारच्या चांगल्या दाताचे हाडही खाऊ लागला, तेव्हा. नुसते आडवे हलणे हे काढण्याचे कारण नव्हे. सूज उतरली की पुष्कळ दात आपोआप घट्ट होतात, आणि खालचे पुढचे दात तर आतल्या बाजूने बारीक तारेने वा फायबरने एकमेकांना बांधून मी वर्षानुवर्षे चाललेले पाहिले आहेत.

खर्चाचा विचार असेल तर शासकीय दंत महाविद्यालयांचा पर्याय जरूर लक्षात घ्या. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, या सर्व ठिकाणी हिरड्यांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली या शस्त्रक्रिया करतात, वेळ जास्त लागतो, पण काम घाईचे नसते. खासगीत जाणार असाल तर या विषयात एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या तज्ज्ञांकडे जावे.

आपल्या बाबतीत मी क्रम असा लावीन: आधी एचबीए१सी आणि ताजे एक्स-रे, खालचे पुढचे दात बांधून घेणे, फटींच्या ब्रशची सवय, मग ज्या भागात ६ आणि ७ मि.मी. आकडे आहेत त्याच भागाची फ्लॅप शस्त्रक्रिया. वरच्या उजव्या दाढेचे काय होईल हे मात्र एक्स-रेवरून पूर्ण सांगता येणार नाही, कारण तीन मुळांच्या बेचक्यातली झीज एक्स-रेत झाकली जाते. ती हिरडी उघडल्यावरच कळेल. कधी तीनपैकी एकच आजारी मूळ कापून काढावे लागते आणि आधी रूट कॅनाल करून घेतलेली दाढ उरलेल्या दोन मुळांवर चांगली चालते, कधी ती काढावीच लागते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा की उघडल्यावर तसे दिसले तर त्याच बैठकीत काय करायचे, आणि आपला निर्णय त्यांना आधीच लिहून द्या.